उसना स्टाफ

नोकरी करणाऱ्या माणसाचे किस्से साठत नाहीत. सकाळी ऑफिसात काही घडलं की दुपारच्या चहाला शेजारच्या टेबलावर सांगून तो मोकळा होतो. आमचं तसं नाही. आम्ही पडलो कंपनीचे मालक! दिवसभर शेडमध्ये एकटे. काही गंमत झाली तर सांगायची कुणाला, ड्रिल मशीनला? म्हणून ती गंमत तशीच पोटात राहते आणि महिन्याच्या पहिल्या रविवारची वाट बघते.

पहिला रविवार म्हणजे आमची मीटिंग. धाराशिवच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात, सकाळी दहाला. आमची ओळख झाली ती नवउद्योजकांच्या दहा दिवसांच्या शिबिरात. शिबिराला हॉल भरून माणसं होती. वर्षभरानं हॉटेलातलं एक टेबल पुरायला लागलं.

त्या टेबलावर आम्ही चौघं. अणदूरच्या कमलताई ज्वारीचे पोहे, रवा आणि चिवडा बनवायच्या. तेरखेड्याचे रज्जाकभाई पुठ्ठ्याचे खोके बनवायचे. गावात फटाक्यांचे कारखाने, त्यामुळं खोक्यांना मरण नाही, असं ते म्हणायचे. ढोकीजवळचा बालाजी आमच्यात सगळ्यात लहान, ड्रोननं पिकांवर फवारणी करून द्यायचा. आणि चौथा मी, दिलीप. पुण्याच्या कारखान्यातली बारा वर्षांची नोकरी सोडून कळंबला आलो आणि सोलर ड्रायर बनवायला लागलो. कांदा, टोमॅटो, शेवग्याचा पाला उन्हावर वाळवायचं यंत्र. कंपनीचं नाव ऊनवारा इंडस्ट्रीज!

चार कंपन्या, चार मालक आणि कामगार शून्य. कमलताईंच्या हाताखाली त्यांचे यजमान होते, म्हणून त्यांना आम्ही मोठी इंडस्ट्री म्हणायचो.

एक गोष्ट मात्र मी त्या टेबलावर कधी बोललो नाही. कंपनी चालवायची की गुंडाळून परत पुण्याला नोकरीला जायचं, हे माझ्या डोक्यात रोज घोळायचं. काम नव्हतं म्हणून नाही. काम येत होतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा तोंड उघडायला कारण नव्हतं. घरी गेलो की मी इतका बोलायचो की बायको म्हणायची, "अहो, थोडं उद्यासाठी ठेवा. भाजी करपलालीय!"

*

फोन उचलायला माझ्या कंपनीत वेगळा माणूस होता. तोही मीच.

शिबिरातल्या सरांनी सांगितलं होतं, पहिल्या रिंगला मालकानंच फोन उचलला की गिऱ्हाईक ओळखतं, याला काही कामधंदा नाही. म्हणून मी आवाज बारीक करून म्हणायचो, "नमस्कार, ऊनवारा इंडस्ट्रीज! साहेब प्लांटमध्ये आहेत, एक मिनिट होल्ड करा हं." मग फोन टेबलावर ठेवायचा, बूट आपटत शेडला एक चक्कर मारायची, घसा खाकरायचा आणि खालच्या पट्टीत म्हणायचं, "हां, बोला!"

येरमाळ्याकडचे एक आजोबा महिनाभर फोन करत होते. प्रत्येक वेळी माझी चक्कर व्हायची. शेवटी त्यांनी ड्रायर घेतला. माल पोचला हे सांगायला फोन केला आणि जाता जाता म्हणाले, "मालक, एक सांगू का? राग मानू नका. तुमच्यापरीस तुमचा त्यो फोनवरचा माणूस लई गोड बोलतो. त्याला सोडू नका!"

मी म्हणालो, "नाही सोडणार."

त्या दिवशी मी स्वतःला बाहेर नेऊन भजी खाऊ घातली. माझ्या स्टाफचं कुणी कौतुक केलं होतं ते पहिल्यांदाच.

*

खरा स्टाफ लागायचा तो कुणी कंपनी बघायला येणार असलं की. रिकामी शेड बघून मोठं गिऱ्हाईक दारातूनच परत जातं. यावर आम्ही उपाय काढला होता: एकमेकांना स्टाफ उसना द्यायचा. माझ्याकडं पाहुणा येणार असला की रज्जाकभाई प्रॉडक्शन हेड, बालाजी डिझाइन इंजिनिअर. बालाजीकडं कुणी येणार असलं की मी सर्व्हिस मॅनेजर. भाड्याच्या पैशाचा प्रश्न नव्हता. ज्याच्याकडं पाहुणा, त्यानं जेवण द्यायचं.

सोलापूरकडचे एक व्यापारी वाळवलेला कांदा बाहेर पाठवायचे. ते ड्रायर बघायला माझ्याकडं आले. रज्जाकभाईंना मी बजावलं होतं, काहीही विचारलं तरी फक्त मान डोलवा. व्यापाऱ्यानं विचारलं, "आत टेम्परेचर किती जातं हो?" रज्जाकभाईंनी मान डोलावली. "पन्नास?" मान. "सत्तर?" मान. "शंभर?" तरी मान! मी मध्ये पडलो म्हणून बरं, नाहीतर माझा ड्रायर त्या दिवशी भट्टी झाला असता. "विचार करून कळवतो," म्हणून व्यापारी गेला.

पंधरा दिवसांनी त्याच व्यापाऱ्याला कांदा भरायला खोके हवे झाले. कुणीतरी तेरखेड्याचा पत्ता दिला. तो शेडमध्ये शिरला तर खुर्चीवर मालक म्हणून रज्जाकभाई, आणि टोपी घालून खोक्यांवर शिक्के मारायला उभा मी!

व्यापारी एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिला. मला तर शेडच्या मागच्या दारानं पळून जावंसं वाटलं. व्यापारी म्हणाला, "हे काय? तुमच्या कंपन्या एक झाल्या का?"

रज्जाकभाई शांतपणे म्हणाले, "नै साहेब. आमच्यात डेप्युटेशन असतंय."

व्यापारी पोट धरून हसला. खोक्यांची ऑर्डर दिली, ड्रायरची नाही. रज्जाकभाईंनी त्या दिवशी मला दोनदा जेवू घातलं.

*

कमलताईंच्या चिवड्याला तिखटाचा हात जरा सैलच. त्यात एकदा त्यांचे खोके संपले आणि ऑर्डर तोंडावर आली. रज्जाकभाईंकडं एका फटाकेवाल्यानं नाकारलेला कोरा करकरीत लॉट पडून होता. ते म्हणाले, "ताई, हे न्या. वरून लेबल चिकटवा, कुणाला कळतंय?"

पुढं भुईनळ्याचं चित्र होतं, त्यावर लेबल बसलं. मागं कारखान्याचं नाव होतं, त्यावर दुसरं लेबल. बाजूला काय छापलंय ते घाईत कुणीच वाचलं नाही.

चौथ्या दिवशी लातूरहून एका बाईंचा फोन आला. "ताई, तुमचा चिवडा मिळाला. सूचनेप्रमाणं मोकळ्या जागेत ठेवलाय आणि सगळे लांब उभारलोय. पोरं इचारलालीत, आता खायचा का अजून थांबायचं?"

कमलताईंनी उरलेला खोका फिरवून बघितला. बाजूला लाल अक्षरांत छापलं होतं: मोकळ्या जागेत ठेवावे. वात पेटवून ताबडतोब दूर व्हावे!

ताईंनी दोन दिवस जेवण सोडलं, इतकी लाज वाटली त्यांना. रविवारी टेबलावर चहालाही हात लावेनात. रज्जाकभाई म्हणाले, "ताई, दिल पे नक्को लेव. मी खाऊन बघितला तुमचा चिवडा. सूचना बराबर हय."

त्यावर त्या हसल्या त्या हसल्या, की शेजारच्या टेबलावरचे कंडक्टर वळून बघायला लागले.

*

याच कमलताईंच्या घरी एकदा पॅकिंग मशीन विकणारा आला. टाय बिय लावलेला. ओसरीवर ताईंचे यजमान बसले होते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. फार कमी बोलणारा माणूस.

त्या विक्रेत्यानं ताईंनी दिलेलं पाणी घेतलं, त्यांनीच आणलेला चहा घेतला आणि तासभर अण्णांना मशीन समजावलं. मिनिटाला किती पाकिटं, वीज किती, गॅरंटी किती. मध्ये ताईंनी काही विचारलं तर म्हणाला, "मॅडम, हे जरा टेक्निकल आहे. साहेबांना समजू द्या."

शेवटी त्यानं फॉर्म काढला. "मग साहेब, फायनल करू या?"

अण्णा म्हणाले, "मला कामून इचारलालाव? मी हितं पोती उचलतो. मालकीण तर तुमाला च्या देऊन आत गेली की!"

*

बालाजीला मुली बघायला सुरुवात झाली तेव्हा पोरगा जोरात होता. व्हिजिटिंग कार्डावर 'संस्थापक' छापलेलं. ड्रोन उडवायला लागला की अख्खं गाव बांधावर गोळा व्हायचं. आम्हाला वाटलं, याचं लग्न आठ दिवसांत उरकणार.

परंड्याकडच्या एका स्थळाला मुलाचा मोठा भाऊ म्हणून मी गेलो होतो. स्टाफ उसना द्यायचा नियम इथंही लागू! मुलीच्या मामांनी विचारलं, "मुलगा काय करतो?" मी कार्ड पुढं केलं. म्हणालो, "स्वतःची कंपनी आहे."

मामांनी कार्ड दोन्ही बाजूंनी बघितलं. म्हणाले, "कंपनी हाय, चांगलं हाय. पण त्या कंपनीनं ह्यांला परमनंट केलंय का?"

आम्ही सगळे हसलो. मामा हसले नाहीत. त्यांचा प्रश्न खरा होता.

पाच स्थळं अशीच गेली. सहाव्याच्या आधी बालाजी पुण्याला एका कंपनीत लागला, माल चढवण्या-उतरवण्याची नोंद ठेवायला. महिन्याभरात लग्न ठरलं. मांडवात सासरे ज्याला त्याला सांगत होते, "जावई परमनंट हायत!" बालाजी त्यांच्या शेजारी फेटा बांधून उभा होता. आमच्याकडं बघून हसला. मला ते हसू बघवलं नाही, म्हणून मी वाढायला गेलो.

टेबलावर आम्ही तिघं उरलो.

*

पुण्याच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीचा भोंगा व्हायचा. त्याची इतकी सवय, की भोंग्याशिवाय मला भूकच कळायची नाही. म्हणून मी शेडवर एक छोटा भोंगा बसवला. एकला वाजवायचो, हात धुवायचो, डबा खायचो. दीडला परत वाजवायचो आणि कामाला लागायचो. कुणाला हे वेडेपणाचं वाटेल. पण भोंगा वाजला की निदान कारखान्यात असल्यासारखं वाटायचं.

शेडच्या मागं सोयाबीनचं रान. तिथं खुरपायला येणाऱ्या बाया माझ्या भोंग्यावर जेवायला बसायला लागल्या. मला हे माहीतच नव्हतं. एकदा मी धाराशिवला गेलो होतो, दुसऱ्या दिवशी त्यातली एक म्हातारी दारात उभी. "दादा, काल सुट्टी व्हती तर सांगायचं का न्हाय? आमी तीनपतुर उपाशी खुरपत व्हतो!"

मी माफी मागितली. ती जाईना. शेडकडं निरखून बघत म्हणाली, "एक इचारू का? रोज भोंगा व्हतो. पण एक माणूस बाहीर यिना. येवढ्या समद्यांला आतच जेवाया देताव व्हय?"

मी म्हणालो, "हो, आतच देतो."

"लई चांगला मालक हाय बाबा," म्हणत ती गेली. मी दीडचा भोंगा वाजवायला विसरलो त्या दिवशी.

*

मग रज्जाकभाईंची पाठ धरली. वाकून पुठ्ठा कापणं जमेना. मुलगा हैदराबादला होता, तो येऊन त्यांना घेऊन गेला. मशीन गावातल्याच एकानं नेलं. जाताना ते म्हणाले, "मीटिंग बंद नै करायची. मी मोबाईलमधून येतो."

पहिल्या रविवारी मी फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा केला. रज्जाकभाई आले, नातवाला दाखवलं, घरातली कुंडी दाखवली. आणि मग नेटवर्क गेलं. तोंड थोडं उघडं, भुवया वर, असा त्यांचा चेहरा पडद्यावर थांबला.

आम्हाला वाटलं, ऐकतायत. कमलताई ज्वारीच्या भावाबद्दल दहा मिनिटं बोलल्या. मी नवीन ड्रायरबद्दल बोललो. रज्जाकभाई सगळं मन लावून ऐकत होते.

शेवटी कमलताई म्हणाल्या, "दिलीपभाऊ, भाई येवढा येळ गप बसले न्हाईत कधी. गेलं वाटतं नेट."

"मग बंद करू?"

त्या चेहऱ्याकडं बघत म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. बसू द्या थोडा येळ."

आम्ही चहा संपेपर्यंत फोन तसाच ठेवला. पुढच्या महिन्यात भाईंच्या घरी पाहुणे होते. त्याच्या पुढच्या महिन्यात त्यांनी फोन उचलला नाही.

*

आता शेवटचा किस्सा.

पुण्याला माझ्या वरती जे साहेब होते, ते दुसऱ्या कारखान्यात मोठ्या जागेवर गेले. त्यांचा फोन आला. "दिलीप, प्लांट मॅनेजरची जागा आहे. येतोस? फक्त अर्जात मालक लिहू नकोस. मालक राहिलेला माणूस नोकरीत टिकत नाही, असं आमच्याकडं समजतात."

मी घरी बोललो. बायको म्हणाली, "तुम्हाला माणसात जायचंय, जा. मुलांची शाळा संपली की आम्ही येतो." मग मी अर्ज केला. सध्याची नोकरी: प्लांट मॅनेजर, ऊनवारा इंडस्ट्रीज, कळंब. स्वतःच्या कंपनीत स्वतःच्याच हातानं मी खालच्या पदावर आलो.

मुलाखतीला तिघं बसले होते. पहिला प्रश्न, "सध्याची कंपनी का सोडताय?"

मी म्हणालो, "तिथं कुणी बोलत नाही."

"मालकांशी पटत नाही का?"

"तसं नाही. मालक चांगले आहेत. थोडे हट्टी आहेत."

"तुम्ही सोडल्यावर त्यांचं अडणार नाही?"

मी पाणी प्यायलो. त्यांना वाटलं, मालकाबद्दल वाईट बोलायचं टाळतोय. माणूस निष्ठावान दिसतोय! दुसऱ्या दिवशी निवड झाल्याचा मेल आला. सोमवारी रुजू व्हायचं. फक्त एक अट: जुन्या कंपनीनं राजीनामा मंजूर केलाय, याची खात्री ते फोनवरून करणार. "तुमच्या एचआरचा नंबर द्या."

माझ्या ओळखीत नंबर एकच उरला होता. मी दिला.

मग कमलताईंना फोन लावला. मागं गिरणी चालू होती. मी सगळं सांगितलं: नोकरी मिळाली, कंपनी बंद करतोय, रविवारी सकाळीच पुण्याला निघतोय, आणि त्यांना शेवटचं एकदा माझा स्टाफ व्हायचंय.

गिरणी बंद झाल्याचा आवाज आला.

"कवा ठरलं हे, दिलीपभाऊ?"

"अर्ज केला त्याला झाले महिना-दीड महिना."

"मागल्या मीटिंगला बसलो व्हतो की आपण."

"हो."

"तवा काय बोलला न्हाईत." मग त्यांनीच विचारलं, "बरं. काय सांगायचं मी?"

"काही नाही. दिलीप इथं कामाला होता, काम चांगलं होतं, त्याचा राजीनामा मंजूर आहे. एवढंच."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शनिवारी मी शेड झाडून घेतली. हत्यारं तेल लावून पेटीत भरली. बॅग घरी भरून तयार होती. दुपारी पुण्याहून एका मुलीचा फोन आला.

"सर, व्हेरिफिकेशनमध्ये थोडा प्रॉब्लेम आहे. मी तुमच्या एचआर मॅडमशी बोलले. तुमचं काम चांगलं आहे, असं त्या म्हणाल्या. पण राजीनामा मंजूर नाही म्हणतात."

"काय?"

"हो सर. मी दोनदा विचारलं. कंपनी त्यांना सोडत नाही, असं म्हणाल्या. कारण विचारलं, तर त्यांनी जे सांगितलं ते मला नीट समजलं नाही. आमच्या फॉर्ममध्ये ते कुठं लिहायचं तेही कळत नाही. तुम्हाला जसंच्या तसं वाचून दाखवू का?"

"वाचा."

"त्या म्हणाल्या, 'रविवारी मीटिंग हाय. मी एकटीनं मीटिंग कशी घेऊ?'"